तीन रंग, बारा पाकळ्या

चित्रकलेचा तास आला की काही मुले मान खाली घालून बसतात. चित्र काढता येत नाही असे नसते. रंगांची मोठी पेटी आणलेली नसते. मग ‘आपल्याला चित्रकला जमत नाही’ असे मूल स्वतःच ठरवून टाकते. पालकहो, हा समज घरीच मोडता येतो. चोवीस रंगांची गरज नाही. पोस्टर कलरच्या तीन लहान बाटल्या पुरतात : पिवळा, लाल आणि निळा.

रंग गोलाकार मांडण्याची कल्पना जुनी आहे. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात सूर्यप्रकाशातील सात रंग वर्तुळात मांडून दाखवले. चित्रकलेच्या वर्गात शिकवतात ते रंगचक्र बहुधा बारा घरांचे असते. नुसती घरे भरायला मुले कंटाळतात, म्हणून त्याचे बारा पाकळ्यांचे फूल करावे. कोणी मोराची बारा पिसे काढील, कोणी बारा पट्ट्यांची छत्री. ज्याला जे सुचेल ते काढू द्यावे.

कागदावर ताट पालथे ठेवून वर्तुळ आखावे आणि घड्याळासारख्या बारा खुणा कराव्यात. १२ वर पिवळा, ४ वर लाल, ८ वर निळा. हे मूळ रंग. पिवळा व लाल मिळून होणारा नारिंगी २ वर, लाल व निळा मिळून होणारा जांभळा ६ वर, निळा व पिवळा मिळून होणारा हिरवा १० वर. उरलेल्या सहा पाकळ्यांत दोन्ही शेजाऱ्यांचे मिश्रण भरायचे. मात्र उत्तर आपण सांगू नये. ‘काय होईल?’ असे आधी विचारावे, मग कालवू द्यावे.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. पिवळा रंग दुबळा असतो. म्हणून हिरवा करताना पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घालावा, उलट करू नये. आणि लाल घेताना शेंदरी छटेचा घेऊ नये, त्याने जांभळा मळकट होतो. क्रिमसन घ्यावा. ब्रश धुवायला एक आणि स्वच्छ पाण्याचा एक, असे दोन डबे नि पुसायला चिंधी ठेवावी.

फूल पूर्ण झाले की समोरासमोरच्या पाकळ्या दाखवाव्यात. पिवळ्यासमोर जांभळा, लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी. असे रंग शेजारी ठेवले तर दोन्ही उठून दिसतात. एकमेकांत कालवले तर दोन्ही मंदावतात. आपल्या आयाबहिणींना हे ठाऊकच आहे. पांढरा सदरा पिवळसर पडला की त्या नीळ देतात. निळीची जांभळट झाक पिवळेपणा मारते आणि सदरा पांढरा दिसतो.

याच नियमातून एक मोठी गोष्ट शिकवता येते. खडूच्या पेटीत ‘स्किन कलर’ म्हणून एक फिकट गुलाबी कांडी असते. माणूस रंगवायचा म्हटले की मुले तीच उचलतात. आई सावळी, बाप उन्हात रापलेला, आणि चित्रातली सगळी माणसे गुलाबी! आपला रंग पेटीत नाही म्हणजे तो चांगला नाही, असे मुलाच्या मनात न सांगता बसते. अशा वेळी नारिंगीत निळ्याचा थेंब घालायला सांगावे. तपकिरी तयार होतो. थोडे पिवळे, थोडे लाल, हवे तर जरा पांढरे घालत त्याने तो रंग आपल्या मनगटाशेजारी धरून जुळवावा. मग आईचा, मग आजीचा. प्रत्येकाचे प्रमाण वेगळे निघेल, पण सगळे याच तीन बाटल्यांतून निघतील.

येत्या सुट्टीत वस्तीतील आठ-दहा मुले एकत्र बसवा. तीन बाटल्या सर्वांत मिळून चालतील. मुलींना आवर्जून बोलवा. आणि तयार झालेली फुले कपाटात न ठेवता भिंतीवर लावा.