परवाना कोणाचा, खांबावर कोण?

घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याची केंद्र सरकारची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली व एक कोटी घरांचे उद्दिष्ट तिच्यासमोर ठेवण्यात आले. अनुदान किती, वीजबिल किती घटणार, याची चर्चा भरपूर झाली. परंतु या छपरांवर चढणारे हात कोणाचे, आणि त्या हातांना हे काम येते असे कोणी ठरविले, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. प्रश्न तसा जुनाच आहे. सौर ऊर्जेने तो खांबावरून घराच्या छपरावर आणून ठेवला, इतकेच.

कायद्यात उणीव आहे असे म्हणता येणार नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपैकी ४५ व्या नियमाने असे बंधन घातले होते की, दिवा, पंखा वा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता ग्राहकाकडील विजेचे काम अनुज्ञप्तिधारक ठेकेदारामार्फतच व्हावे, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र मिळविलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी आणि काम करणाऱ्या तारतंत्र्याजवळ स्वतःचा परवाना असावा. २००३ च्या विद्युत अधिनियमाखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले. महाराष्ट्रात परवाने देण्यासाठी शासनाचे अनुज्ञापक मंडळ आहे.

अर्थशास्त्रात परवान्यांकडे संशयाने पाहण्याची परंपरा आहे. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये सक्तीच्या उमेदवारीच्या कायद्यांवर टीका केली. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये डॉक्टरांच्या परवान्यालाही विरोध दर्शविला. आत शिरलेल्यांनी बाहेरच्यांसाठी लावलेली कडी म्हणजे परवाना, असा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य नाही असे नाही. पण शिंप्याचे काम गिऱ्हाइकाला अंगावर चढवून पाहता येते. भिंतीत गाडली गेलेली तार अशी पाहता येत नाही. अर्थिंग नीट केले होते की नव्हते, हे वर्षानुवर्षांनी कळते, आणि तेव्हा त्याची किंमत भलताच कोणी मोजतो. वीजप्रवाहाने मृत्यू पावणाऱ्यांची अलीकडील वर्षांतील सरकारी नोंद दरसाल बारा हजारांच्या वर आहे. हे सारे मृत्यू अप्रशिक्षित कारागिरामुळे झाले असा कोणाचा दावा नाही. तथापि, असे काम केवळ बाजाराच्या पारखीवर सोडावे असे म्हणायला स्मिथही धजला नसता.

आपल्याकडील दुखणे निराळेच आहे. परवाना एकाचा असतो आणि काम दुसराच करतो. ठेकेदाराची अनुज्ञप्ती कचेरीच्या भिंतीवर चौकटीत टांगलेली असते, पर्यवेक्षक कागदोपत्री एकाच दिवशी तीन ठिकाणी देखरेख करीत असतो, आणि पक्कड असते ‘हेल्पर’ म्हणून रोजावर घेतलेल्या पोराच्या हाती.

याउलट बाष्पकाचे पाहा. १८६३ मध्ये कलकत्त्यात बाष्पकाचा मोठा स्फोट झाला, १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला, १९२३ मध्ये अखिल भारतीय अधिनियम झाला आणि २०२५ मध्ये संसदेने त्याऐवजी नवा संमत केला. प्रमाणपत्रधारक माणसाच्या ताब्यात असल्याखेरीज बाष्पक चालविता येत नाही, हे तत्त्व कारखानदारीच्या अंगवळणी पडले आहे. याचे कारण मालक अधिक सज्जन आहेत हे नव्हे. बाष्पक एका जागी उभा असतो. निरीक्षक आला की ‘येथे परिचर कोण?’ असे विचारू शकतो; आणि बाष्पक फुटला तर मालकाचाच कारखाना उडतो. खांब मात्र रानोमाळ विखुरलेले. तेथे माणूस गेला तर वाहिनी संध्याकाळपर्यंत पुन्हा सुरू होते.

परवान्याचे खरे मोल माझ्या मते नकार देण्याच्या अधिकारात आहे. पुरवठा बंद करून घेणे, तारेत वीज नाही याची चाचणी करणे, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणे आणि मगच चढणे, हे शिकलेल्या वीज कामगाराला सांगावे लागत नाही. ‘परमिट मिळाल्याशिवाय चढणार नाही’ असे म्हणण्याची त्याची प्राज्ञा आहे का, हा प्रश्न आहे. ज्याचे नाव ठेकेदाराच्या यादीवर दर वर्षी नव्याने चढते, तो हे वाक्य किती वेळा उच्चारील? पाऊस कोसळत असतो, गाव अंधारात असतो, फोन खणखणत असतो. अशा वेळी नोकरीची शाश्वती नसलेल्याचा परवाना खिशातच राहतो.

शिवाय पात्रतेचा खर्च कोणी सोसायचा, हेही पाहावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री वा तारतंत्री होण्यास दोन वर्षे लागतात. गरीब घरातील मुलाची दोन वर्षांची मजुरी बुडते. एवढे करून परवानाधारक आणि बिनपरवाना यांच्या रोजात फरक नसेल, तर शहाणा मुलगा त्या वाटेला का जाईल? २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘सूर्यमित्र’ योजनेत सौर तंत्रज्ञ तीन महिन्यांत तयार होतो. हा उपक्रम स्वागतार्ह आहे; पण कौशल्याचे प्रमाणपत्र आणि विजेच्या कामाचा परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऊन असेतो पॅनेलमधील वीज मुख्य बटण बंद केल्याने नाहीशी होत नाही, आणि एकदिश प्रवाहाची ठिणगी आपोआप सहसा विझत नाही. घरातील जनित्र वा इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल, तर बंद समजलेल्या वाहिनीवर उलटी वीज येऊन दूरच्या खांबावरील माणसाला गाठते. म्हणजे छपरावरच्या कारागिराच्या अज्ञानाचा भुर्दंड खांबावरच्याने भरायचा.

सौर अनुदानासाठी विक्रेत्याची नोंदणी सक्तीची आहेच. तिच्या जोडीला, त्या विशिष्ट छपरावर ज्याने स्वतः जोडणी केली त्या कारागिराचे नाव व परवाना क्रमांक नोंदविल्याखेरीज अनुदानाचा पैसा सुटू नये. आणि वीज कंपन्यांच्या ठेक्यांत परवानाधारकाचा दर वेगळा लिहिलेला असावा, जो ठेकेदाराला परवाना नसलेल्या माणसाच्या नावावर उचलता येणार नाही. दहा-दहा वर्षे खांबावर काढलेल्या माणसांना यामुळे घरी बसावे लागेल, अशी भीती व्यक्त होईल. त्यांची परीक्षा प्रत्यक्ष कामावर, मराठीतून, वीज कंपनीच्या खर्चाने आणि भरपगारी रजेत घेता येईल.