पहिल्या प्रेसिंगचे सोवळे

ब्रिटन आणि अमेरिकेत साधारणतः १९६७ ते १९७५ या काळात निघालेल्या, त्या वेळी फारशा कोणी विकत न घेतलेल्या आणि आज 'सायकेडेलिक फोक' या नावाखाली एकत्र केल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकांचा एक संप्रदायच गेल्या काही दशकांत उभा राहिला आहे. जुन्या लोकगीतांच्या वळणाच्या चाली, साधी गिटार, बासरी, कधी सतार, आणि या सर्वांवर पसरलेली स्वप्नात किंवा नशेत दिसावी तशी प्रतिमासृष्टी, असे या संगीताचे ढोबळ वर्णन करता येईल. मात्र या संप्रदायात नुसते गाणे आवडणे पुरेसे नसते. ते कोणत्या तबकडीवर ऐकले, तिचे लेबल कोणत्या रंगाचे होते, ती पहिल्या प्रेसिंगची होती की नंतरच्या, यावर श्रोत्याची पात्रता ठरते. चांगल्या प्रेसिंगचा शोध ही गंभीर आणि आवश्यक गोष्ट आहे असे आम्ही मानतो. पहिल्या प्रेसिंगचे सोवळे मात्र त्या शोधाचाच घात करते, असे आमचे म्हणणे आहे.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण उघड आहे. आवृत्ती, पाठभेद, मूळ संहिता, कर्त्याला अभिप्रेत असलेला पाठ हे सारे आपलेच प्रश्न आहेत. येथे फक्त कागदाच्या जागी व्हायनिल आहे. आणि आपण ज्या चुका ग्रंथांच्या बाबतीत करतो, त्याच येथे अधिक ठळकपणे दिसतात.

आधी या शोधाचे समर्थन करणे भाग आहे, कारण त्याची टिंगल करणाऱ्यांची संख्या काही कमी नाही. ध्वनिमुद्रणाच्या टेपपासून आपल्या हाती येणाऱ्या तबकडीपर्यंतचा प्रवास लांबचा असतो. टेपवरचा आवाज प्रथम लाखेच्या मऊ तबकडीवर कोरला जातो. कोरणाऱ्या तंत्रज्ञाला खर्ज किती ठेवायचा, तार स्वर किती आवरायचे, एका बाजूवर किती मिनिटे बसवायची, याचे निर्णय घ्यावे लागतात. बाजू लांबली की आवाजाची पातळी उतरवावी लागते. या कोरीव तबकडीवर धातूचा मुलामा चढवून तिच्यावरून आधी 'फादर', त्यावरून 'मदर' आणि तिच्यावरून अखेरचा साचा तयार होतो. साचा झिजतो, सुमारे हजारभर तबकड्या काढल्यावर त्याची धार बोथट होऊ लागते. त्यात भर कच्च्या मालाची. १९७३ च्या तेलसंकटानंतर व्हायनिलची टंचाई झाली आणि जुना माल वितळवून पुन्हा वापरण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे एकाच नावाच्या दोन तबकड्या दोन वेगळे पाठ असू शकतात. हे ज्याला ऐकू येत नाही त्याने ते नाकारू नये.

या विशिष्ट संगीताला तर हा फरक अधिकच बाधतो. मोठ्या आवाजाच्या रॉक संगीतात तबकडीची खरखर बुडून जाते. येथे एक गिटार असते, एक कुजबुजता गळा असतो, आणि दोन स्वरांमधली शांतता हा रचनेचाच भाग असतो. त्या शांततेत प्रत्येक ओरखडा ऐकू येतो. तबकडीच्या मध्याकडे जाताना सुईखालून खाचेचे अंतर कमी वेगाने सरकते आणि तार स्वरांचा तपशील पुसट होतो. बाजूच्या अखेरीस ठेवलेले हळुवार गाणे म्हणूनच अनेकदा बिघडलेले ऐकू येते. अशा स्थितीत लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले मॅट्रिक्स क्रमांक भिंगाखाली वाचणारा माणूस आम्हाला हास्यास्पद वाटत नाही. जॉर्ज पेकहॅम हा तंत्रज्ञ तेथे 'पोर्की प्राइम कट' अशी आपली खूण कोरून ठेवी. पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेली पुष्पिका आणि ही खूण यांचे कार्य एकच आहे: हा पाठ कोणाच्या हातून उतरला, हे सांगणे.

येथपर्यंत आमचे आणि संग्राहकांचे मतैक्य आहे. यापुढची उडी मात्र आम्हाला मान्य नाही. प्रेसिंगाप्रेसिंगात फरक असतो, यावरून पहिले प्रेसिंग सर्वांत चांगले आणि म्हणून सर्वांत खरे, असा निष्कर्ष काढला जातो. तो का टिकत नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे.

लिंडा परहॅक्स ही कॅलिफोर्नियात दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करणारी तरुणी. चित्रपटसंगीतकार लिओनार्ड रोझेनमन हा तिच्याकडे येणारा रुग्ण. त्याच्या आग्रहाने आणि त्याच्या निर्मितीत तिची 'पॅरेलेलोग्राम्स' ही ध्वनिमुद्रिका कॅप या कंपनीने १९७० साली काढली. गळ्यावर गळा रचून स्वरांच्या भौमितिक आकृती उभारणारी ही रचना. कंपनीने ती त्या वेळच्या रेडिओला मानवेल अशा बेताने तबकडीवर उतरवली. वरचे आणि खालचे स्वर छाटले गेले. हाती आलेली तबकडी ऐकून परहॅक्स इतकी निराश झाली की तिने ती फेकून दिली. मायकल पायपर या संगीतवेड्या प्रकाशकाने १९९८ मध्ये एका तबकडीवरूनच तिची पुनरावृत्ती काढली आणि पुढे तिचा पत्ता शोधला. तिच्याजवळ जपलेल्या टेपांवरून नंतर जी आवृत्ती निघाली, ती १९७० च्या तबकडीहून कितीतरी स्वच्छ आणि भरीव होती.

आता ज्या वस्तूसाठी संग्राहक वर्षानुवर्षे वणवण करतात, ती वस्तू म्हणजे कर्तीने नाकारलेला पाठ आहे. तिला ऐतिहासिक मोल जरूर आहे; मुद्रणदोषांनी भरलेल्या पहिल्या आवृत्तीलाही ते असते. पण तिला 'अस्सल' म्हणायचे आणि कर्तीच्या टेपांवरून निघालेल्या आवृत्तीला 'रीइश्यू' म्हणून नाक मुरडायचे, हा कोणता न्याय?

पाठचिकित्सेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. उत्तरकालीन प्रत ही केवळ उत्तरकालीन म्हणून निकृष्ट ठरत नाही, हे जॉर्जो पास्क्वाली या इटालियन अभ्यासकाने १९३४ मध्ये ठासून मांडले. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. वि. सी. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? हाती आलेली सर्वांत जुनी पोथी उचलून ती छापली नाही. निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या एकमेकींशी ताडल्या, त्यांची घराणी लावली आणि पाठभेद तळाशी नोंदवले. पोथीचे वय हा तेथे एक पुरावा होता. तो एकमेव निकष नव्हता. ज्या प्राध्यापकाला हे वर्गात शिकवता येते, तोच घरी लेबलाचा रंग पाहून हात जोडतो, तेव्हा आम्हाला नवल वाटते.

दुर्मिळतेच्या कारणांकडे पाहिले तर हे सोवळे अधिकच विचित्र दिसू लागते. ब्रिटनमध्ये खाजगीरीत्या काढलेल्या कित्येक ध्वनिमुद्रिकांच्या केवळ नव्व्याण्णव प्रती निघत. त्यामागे कोणतेही गूढ व्रत नव्हते. शंभराच्या आतल्या प्रतींवर खरेदी कर लागत नसे, म्हणून नव्व्याण्णव. हा कर १९७३ मध्ये रद्द होऊन त्या जागी मूल्यवर्धित कर आला. १९६९ मध्ये ससेक्समधील डिचलिंग गावच्या हौशी नाट्यमंडळींच्या 'अ‍ॅलिस थ्रू द लुकिंग ग्लास' या प्रयोगासाठी पीटर हॉवेल आणि जॉन फर्डिनँडो यांनी संगीत केले आणि त्याच्या मोजक्या तबकड्या काढल्या. हाच हॉवेल पुढे बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये गेला आणि १९८० साली 'डॉक्टर हू' या मालिकेच्या शीर्षकसंगीताला त्याने नवे रूप दिले. गावच्या नाटकाचे संगीत गावापुरते छापले गेले, इतकाच त्या दुर्मिळतेचा अर्थ. ते संगीत गोड आहे. पण त्याची गोडी प्रतींच्या संख्येत शोधणे म्हणजे करविषयक नियमांना सौंदर्यशास्त्र समजणे होय. शिवाय जिच्या मुळात शे-पाचशे प्रतीच निघाल्या, तिच्या बाबतीत पहिल्या-दुसऱ्या प्रेसिंगचा वादच बहुधा उद्भवत नाही. तेथे प्रतीप्रतीतला फरक ठरतो तो आधीच्या मालकाने कोणत्या सुईने ती किती वेळा वाजवली, यावर.

या गोंधळाचा खरा तोटा समीक्षेला होतो. 'हरवलेली श्रेष्ठ कृती' हा या क्षेत्रातला सर्वांत स्वस्त झालेला शब्दप्रयोग आहे. विक्रेत्याच्या यादीतून तो लेखात येतो, लेखातून पुन्हा यादीत जातो, आणि प्रत्येक फेरीत किंमत वाढते. कोमसची 'फर्स्ट अटरन्स' (१९७१) आणि डब्लिनच्या मेलो कँडलची 'स्वॉडलिंग साँग्ज' (१९७२) या दोन्ही कृती आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. पण पहिलीत हिंसेचे वर्णन आणि गोड वाद्यमेळ यांच्यात जो ताण आहे, दुसरीत दोन स्त्रीकंठांची जी गुंफण आहे, त्यांविषयी चार वाक्ये वाचायला मिळणे कठीण; लिलावातला आकडा मात्र प्रत्येकाला पाठ असतो. ज्या काळात भावच गुणाची जागा घेतो, त्या काळात सामान्य कृतीही केवळ न सापडल्यामुळे थोर ठरतात आणि सहज सापडणारी कृती संशयास्पद वाटू लागते.

आणि हा पैसा जातो कोणाकडे? वाश्टी बन्यनची 'जस्ट अनदर डायमंड डे' १९७० च्या अखेरीस फिलिप्सने काढली. ती खपली नाही. बन्यनने संगीत सोडले. तिच्या नकळत त्या तबकडीची किंमत हजार पौंडांपलीकडे गेली. त्यातला एक पैसाही तिला मिळण्याची सोय नव्हती, कारण जुनी तबकडी विकली गेली तर कलावंताला काहीच मिळत नाही. २००६ पासून ब्रिटनमध्ये चित्रकाराला चित्राच्या पुनर्विक्रीत वाटा मिळतो. तबकडीला तो कायदा लागू नाही. बन्यनला श्रोते पुन्हा मिळाले ते २००० साली निघालेल्या सीडीमुळे. त्यानंतर, २००५ मध्ये, तिची दुसरी ध्वनिमुद्रिका आली. पहिलीनंतर तब्बल पस्तीस वर्षांनी! ही पस्तीस वर्षे ज्या साध्या, स्वस्त पुनरावृत्तीने संपवली, तिला हलके लेखणाऱ्यांनी या हिशेबाकडे एकदा पाहावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण निक ड्रेकचे. १९६९ ते १९७२ या काळात त्याच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या, तिन्ही पडल्या, आणि १९७४ मध्ये तो वारला. त्याचा निर्माता जो बॉइड याने आपली कंपनी आयलंडला विकताना अट घातली होती की ड्रेकच्या ध्वनिमुद्रिका कधीही बाजारातून काढू नयेत. त्या राहिल्या. एकेका श्रोत्याने दुसऱ्याला सांगावे आणि त्याला त्या दुकानात मिळाव्यात, असे वर्षानुवर्षे घडत गेले, आणि त्यातून ड्रेकची कीर्ती उभी राहिली. कृती टिकते ती हाती लागते म्हणून.

आमचे विरोधक येथे वाल्टर बेन्यामिनला साक्षीला बोलावतात. मूळ वस्तूभोवती एक तेजोवलय असते, ते प्रतिकृतीत विझते, असे त्याने १९३६ च्या निबंधात म्हटले आहे ना? म्हटले आहे. पण तबकडी ही पहिल्या दिवसापासून यांत्रिक प्रतिकृतीच आहे. कारखान्यात साच्यातून निघालेल्या वस्तूला बेन्यामिनच्या नावाने वलय चढवायचे असेल, तर तो निबंध न वाचलेलाच बरा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संग्राहक नसते तर या कृती उरल्याच नसत्या, असे म्हटले जाते. हे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. पायपरसारख्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्याने काय केले ते पाहा. त्याने तबकडी शोधली, ती इतरांना ऐकवली, मग माणूस शोधला आणि अखेर अधिक चांगला पाठ लोकांच्या हाती दिला. त्याचा शोध कपाटाशी थांबला नाही. त्याचे नाव घेऊन कपाटाला कुलूप घालणाऱ्यांना त्याच्या पुण्यात वाटा मागण्याचा अधिकार नाही.

जे म्हणतात की आता सारे काही फोनवर फुकट ऐकायला मिळते, तेव्हा प्रेसिंगची उठाठेव कशाला, त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. जे ऐकायला मिळते ते कशावरून घेतले? मूळ टेपवरून, नव्या आवृत्तीवरून, की कोणाच्या तरी खरखरत्या तबकडीवरून? आवाज मोठा करण्याच्या हव्यासात त्यातली चढउतार कोणी सपाट केली? याची नोंद बहुतेक वेळा कोठेच नसते. पुष्पिका नसलेली पोथी मिळाली म्हणून पाठचिकित्सा संपली, असे आपण म्हणत नाही. एका पक्षाने प्रतीचे दैवत केले, दुसऱ्याने प्रतीला प्रश्नच विचारणे सोडले; पाठ दोघांनाही नको आहे.

म्हणून चांगले प्रेसिंग शोधणाऱ्यांकडून आमची अपेक्षा मोजकी आहे. तबकडी कोणत्या टेपवरून आली, कोणी कोरली, दुसऱ्या आवृत्तीत नेमके काय वेगळे ऐकू येते, हे त्यांनी लिहावे. नंतरची आवृत्ती सरस असेल तर तसे निर्भयपणे सांगावे, मग आपल्या कपाटातल्या प्रतीची किंमत उतरली तरी चालेल. आणि ज्यांच्याजवळ एकमेव प्रत आहे, त्यांनी ती एकदा तरी चार माणसांना ऐकवावी.

हे परदेशी हौशी लोकांचे खूळ आहे असे समजून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हात झटकू नयेत. हे संगीत जेव्हा निर्माण होत होते, त्याच सुमारास आपल्याकडे 'असो', 'वाचा' यांसारखी अनियतकालिके मोजक्या प्रतींत निघत होती. त्यांच्या अंकांविषयी आपण काय बोलतो? अंक कोणाकडे आहे, हे आपल्याला ठाऊक असते. त्यात काय आहे, हे विचारल्यावर किती जणांना सांगता येते, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःच्या अभ्यासिकेत बसून द्यावे.