खतावणी आणि संगणकाची भाषा

जालन्याच्या मोंढ्यातील आडत दुकानात वाढलेल्या मुलाला शिल्लक म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. कालची शिल्लक, त्यात आजची जमा, की झाली नवी शिल्लक. तोच मुलगा संगणकाच्या वर्गात 'क = क + १' पाहून थबकतो. शाळेतील गणितानुसार हे विधान असत्य आहे, आणि त्याचे थबकणे योग्यच आहे. दोष बुद्धीचा नसून चिन्हाच्या निवडीचा आहे.

केमेनी व कर्ट्झ या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात नवशिक्यांसाठी 'बेसिक' रचली, तेव्हा अशा विधानाआधी 'लेट', म्हणजे 'मानू या', हा शब्द ठेवला होता. पुढे तो ऐच्छिक झाला. घाई नडली म्हणायची! बँकांत रुळलेल्या 'कोबोल'ने तर 'अ‍ॅड', 'सबट्रॅक्ट' असे सरळ इंग्रजी शब्दच घेतले. पण तेथे क्रियापद आधी येते. मराठी माणूस 'शिल्लकेत शंभर मिळवा' असे म्हणतो. जपानी भाषेतही क्रियापद शेवटीच. म्हणून तेथील मुलांसाठी रचलेल्या 'डॉलिटल'मध्ये क्रिया शेवटी लिहितात.

मराठीत कोणी असे केले, तर 'मिळवा' आणि 'वजा करा' त्या मुलाला नव्याने शिकावे लागणार नाहीत. शिकायचा तो केवळ कृतींचा क्रम. तोही त्याने दुकानात पाहिलेला असतो: आधी रोजकीर्द, मग खतावणी.