बंदिशीत आपण, मैफलीत कोण?

मैत्रिणींनो, गावात शास्त्रीय गाण्याची मैफल असली की घरातून कोण जातं? बहुधा ‘हे’! आपण म्हणतो, “मला नाही बाई त्यातलं कळत.” खरं कारण वेगळंच. रात्री नऊला ओटा आवरायचा असतो.

गंमत बघा. १८व्या शतकात दिल्लीत, महंमदशहाच्या दरबारी, नियामत खाँ यांनी ‘सदारंग’ या नावाने ख्याल रचले. ते आजही गायले जातात. ख्यालाच्या कितीतरी बंदिशी बाईच्याच तोंडच्या. सासू-नणंदेचा धाक, वाट पाहणं, रुसवा. म्हणजे गाऱ्हाणं आपलं आणि ऐकायला आपणच नाही!

मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी, बाईने चारचौघांत गाणं कमीपणाचं मानलं जाई त्या काळात, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या व्यासपीठावर बसल्या. आपल्याला तर नुसतं सतरंजीवर बसायचंय.

संयोजकांनीही वर्षातून एखादी मैफल दुपारी चारला ठेवावी. आणि आपण? त्या दिवशी पिठलं-भातावर भागवावं, शेजारणीला हाक मारावी नि निघावं. राग ओळखता नाही आला तरी चालेल. ओटा काय, सकाळीही आवरता येतो!