मोटारसायकलचा पुनश्च हरिओम

निवृत्तीला दोनचार वर्षे राहिलेला बँकेतील लिपिक, ज्याची मुले नोकरीस लागली आहेत असा शिक्षक, घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरून मोकळा झालेला सरकारी नोकर, अशा मंडळींच्या मनात एक जुनी हौस हल्ली पुन्हा डोके वर काढताना दिसते. विशी-पंचविशीत त्यांनी मोटारसायकल चालविली. पुढे लग्न झाले, मुले झाली, गाडी विकून कधी स्कूटर तर कधी छोटी मोटार दारात आली आणि हँडलवरचा हात सुटला तो वीस-पंचवीस वर्षांसाठी. आता पदरी थोडा पैसा आहे, सवड आहे आणि अंगात अजून धमक आहे. पुन्हा एक मोटारसायकल घ्यावी हा विचार मनात येण्यात गैर काही नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने भजनी मंडळातच जावे असे कोणत्या शास्त्रात सांगितलेले नाही. प्रश्न आहे तो गाडी कोणती घ्यावी हा, आणि एरवी शहाणीसुरती असलेली ही माणसे नेमकी येथे चुकतात, असे म्हणावे लागते.

चूक होते ती आठवणींमुळे. या पिढीच्या तारुण्यात मोटारसायकल हा मोजक्या नावांचा मामला होता. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी बाहेर पडत होती. राजदूतने खेडोपाडी दूधवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांना वाहून नेले. मद्रासची बुलेट हा फौजदारांच्या आणि बागायतदारांच्या इतमामाचा भाग होता. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस यामाहाची आरएक्स १००. पहिलीने पेट्रोलचा हिशेब बदलला, दुसरीने कॉलेजच्या पोरांची झोप उडविली. पुढे १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी आरएक्स १००चे उत्पादनही थांबले. बाजारातून या गाड्या गेल्या, पण ज्यांनी त्या चालविल्या, किंवा ज्यांना त्या परवडल्या नाहीत, त्यांच्या मनातून गेल्या नाहीत.

उत्पादकांना हे चांगले ठाऊक आहे. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी हे नाव २०२२ साली नव्या मालकीखाली बाजारात परत आले. रॉयल एन्फील्डच्या आजच्या क्लासिकचा गोल दिवा आणि तिची फुगीर टाकी पाहून जुन्या बुलेटची आठवण व्हावी, हा काही योगायोग नव्हे. व्यापार म्हणून त्यात वावगे नाही. गिऱ्हाइकाला जे हवे ते दुकानदार मांडणारच. गिऱ्हाइकाने एवढेच ओळखावे, की टाकीवरचे नाव जुने असले तरी तिच्याखालचे यंत्र सर्वस्वी नवे आहे आणि त्यावर बसणारा माणूसही पूर्वीचा राहिलेला नाही.

यंत्रातला बदल आधी पाहू जाता, जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. शतक पालटल्यानंतरही काही वर्षे ही रचना चालू होती. आज गिअर डावीकडे आणि मागच्या चाकाचा ब्रेक उजवीकडे आहे. मोकळ्या रस्त्यावर हा फरक अर्ध्या तासात अंगवळणी पडतो. परंतु गल्लीतून एकाएकी एखादे पोर धावत आले, की विचार बाजूस राहतो आणि वीस वर्षांपूर्वीचा पाय जागा होतो. जुन्या बुलेटवाल्याचा डावा पाय त्या क्षणी ब्रेक समजून जे दाबतो, तो गिअर असतो. आरएक्स किंवा येझदी चालविलेल्याची अडचण निराळी. टू-स्ट्रोक गाडीची मूठ सोडली तरी ती वाहवत जाई. आजचे फोर-स्ट्रोक इंजिन मूठ सोडताच गाडीला मागे ओढते. आणि या सर्वांचा मिळून एक जुना समज आहे, तो म्हणजे पुढच्या ब्रेकला हात लावला की गाडी उलटते! वस्तुतः ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, आणि म्हणूनच गाडी थांबविण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. ड्रम ब्रेकच्या काळात ही गोष्ट फारशी जाणवत नसे. आजच्या डिस्क ब्रेकला दोन बोटे पुरतात. घाबरून सगळी मूठ आवळणाऱ्याला मात्र तो क्षमा करीत नाही.

येथे कायद्याने थोडी मदत केली आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला असता चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. त्याहून लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय पुरेशी मानली गेली. परत येणाऱ्या स्वाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. त्याने थोडे पैसे अधिक पडले तरी एबीएस असलेलीच गाडी घ्यावी. अर्थात ही यंत्रणा म्हणजे कवचकुंडले नव्हेत. खडीवर आणि वाळूवर ती थांबण्याचे अंतर कमी करीलच असे नाही. वेग ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर झाला की गाडीतील गतिज ऊर्जा पावणेदोन पटींच्या वर जाते, हा नियम तर कोणतीही यंत्रणा बदलू शकत नाही. वर्गात हेच गणित फळ्यावर सोडवून दाखविणारे शिक्षक गाडी घेताना ते विसरतात, ही मौजेची गोष्ट आहे.

पण खरा मुद्दा वजनाचा आहे. दुकानात चौकशी होते ती सीसीची, मायलेजची आणि आवाजाची. वजन कोणी विचारीत नाही. आरएक्स १०० सुमारे शंभर किलोंची होती. आजची क्लासिक ३५० आहे १९५ किलोंची. विशीतला जो पोरगा शंभर किलोंची गाडी एका पायावर तोलून चहा घेत असे, तोच आता पन्नाशीत, गुडघ्यात कुरकुर आणि मानेत पट्टा अशा अवस्थेत, दुप्पट वजनाची गाडी सोसायटीच्या उतरत्या आवारातून मागे घेऊ पाहतो. अशा गाडीवरची पहिली फजिती महामार्गावर होत नाही. ती होते पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, किंवा सिग्नलला टेकविलेला पाय नेमका वाळूवर पडल्यामुळे. एकशे पंच्याण्णव किलो एकदा कलू लागले, की त्यांना पायाने थोपविणे पैलवानालाही जड जाते. अशा वेळी घोटा तरी जातो, नाहीतर आत्मविश्वास. दुसरे नुकसान अधिक काळ टिकते. जड गाडी वाऱ्यात आणि लांबच्या रस्त्यावर स्थिर चालते हा तिच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे. मात्र तो रस्ता गाठण्यासाठी आधी शहर पार करावे लागते.

आणि तो रस्ता तरी कोणता? जाहिरातीतला स्वार लांबलचक, निर्मनुष्य, आरशासारख्या रस्त्यावरून जात असतो. महाराष्ट्रात तसे जे रस्ते आहेत त्यांवर दुचाकीला मज्जाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, त्यावर मोटारसायकल चालत नाही. २०२४ साली खुला झालेला अटल सेतू तिला बंद आहे. २०२५ साली पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गावरही तिला प्रवेश नाही. हे धोरण योग्य की अयोग्य हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. पण परत येणाऱ्या स्वाराच्या वाट्याला उरतात ते जुना खंडाळा घाट, ताम्हिणी, आंबोली, कोकणातले वळणावळणाचे रस्ते आणि रोजचे शहर. यांपैकी एकाही ठिकाणी ताशी १२० किलोमीटरचा उपयोग नाही. तेथे उपयोग असतो तो हलकेपणाचा, चटकन वळण्याचा आणि खात्रीने थांबण्याचा.

सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांवर ४० टक्के बसला. परिणामी ३५० सीसीची गाडी म्हणजे चालून आलेली संधी, असे अनेकांना वाटू लागले आहे. मात्र तीच सवलत दीडशे सीसीच्या गाडीवरही मिळते, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

वास्तविक परत येणाऱ्याने पहिली गाडी १५० ते १६० सीसीच्या वर्गातली घ्यावी. तिचे वजन साधारणपणे १४० ते १५० किलोंच्या घरात असते, एबीएस असतो, घाट चढण्याइतकी ताकद असते आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळते. तिच्यावर एक संपूर्ण वर्ष काढावे. त्यात एक पावसाळा आलाच पाहिजे. ओले पेव्हर ब्लॉक, रस्त्यावरचे रंगीत पट्टे, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे आणि समोरून येणाऱ्या मोटारींचे डोळे दिपविणारे दिवे यांची परीक्षा दिल्यानंतरही मोठ्या गाडीची ओढ कायम राहिली, तर ती खुशाल घ्यावी. ज्याला हा धीर नाही आणि आजच ३५० हवी आहे, त्याने निदान बैठकीची उंची पाहावी. क्लासिकची बैठक ८०५ मिलिमीटरवर आहे, तर त्याच कारखान्याच्या मीटिअरची ७६५ वर. बुटक्या बांध्याच्या माणसाला हे चार सेंटिमीटर म्हणजे दोन्ही तळवे जमिनीला टेकणे आणि नुसते चवडे टेकणे यांमधला फरक ठरू शकतात. विक्रेत्याकडून माहितीपत्रक घेण्याऐवजी गाडी बंद ठेवून ती दहा पावले मागे ढकलून पाहावी. धाप लागली तर उत्तर मिळाले.

काही जण तिसरा मार्ग धरतात. जुनी आरएक्स किंवा येझदी हुडकून काढतात, तिच्यावर पैसा ओततात आणि ती उजळवून घेतात. हा छंद सुंदर आहे. रविवारी सकाळी तिला बाहेर काढावे, चार मित्रांना दाखवावे. परंतु हात नव्याने बसविण्यासाठी जुने ड्रम ब्रेक हे साधन नव्हे. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण, सुटे भाग आणि ते बसवू शकणारा कसबी मेकॅनिक या तिन्ही गोष्टींमागे जे हेलपाटे घालावे लागतात, त्यांत गाडी चालविण्याचे दिवस सरून जातात.

या साऱ्यात शासनाची भूमिका काय? परवान्याचे नूतनीकरण, एवढीच. १९८८च्या मोटार वाहन कायद्याखाली परवाना मिळत असे तो वीस वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. २०१९च्या दुरुस्तीने मुदती बदलल्या. आज पंचावन्न ओलांडलेल्याला तो पाच वर्षांसाठी मिळतो. चाळिशीनंतर वैद्यकीय दाखला लागतो. डोळे तपासले जातात, हातपाय धड आहेत ना हे पाहिले जाते. मात्र मुदत संपून एक वर्ष उलटले नसेल तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. म्हणजे ज्याने पंचवीस वर्षांत मोटारसायकलच्या हँडलला हात लावलेला नाही, त्याच्या खिशातला परवाना पूर्ण वैध असतो. कायद्याने वैध ठरलेला हा माणूस कौशल्याच्या दृष्टीने नवशिका असतो, आणि नवशिक्याची सावधगिरी मात्र त्याच्यात नसते. ब्रिटनमध्ये पोलीसच ‘बाइकसेफ’ या नावाने अनुभवी स्वारांसाठी वर्ग चालवितात. आपल्याकडील ड्रायव्हिंग स्कुले प्रामुख्याने चारचाकी शिकवितात. मोटारसायकल कोणी शिकवावी लागते, ही कल्पनाच रुजलेली नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयांची मैदाने, जेथे उमेदवाराकडून इंग्रजी आठचा आकडा काढवून घेतात, ती रविवारी रिकामी पडून असतात. तेथे पन्नाशीच्या माणसांसाठी सकाळचे दोन तास ब्रेक दाबण्याचा आणि वळण घेण्याचा सराव घेणे अशक्य नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. इतक्या मोठ्या आकड्यापुढे दोन तासांचे मैदान हा काही अवाजवी खर्च नव्हे.

त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा बळी गेला. पुण्यासारख्या शहरात २०१९च्या प्रारंभी हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला होता, ही आठवण येथे अप्रस्तुत नाही. त्या पिढीतलेच अनेकजण आज गाडी घ्यायला निघाले आहेत. माळ्यावर जपून ठेवलेले वीस वर्षांपूर्वीचे हेल्मेट त्यांनी तेथेच राहू द्यावे, कारण आतले अस्तर काळाने निकामी होते. नवे घेताना आयएसआय खूण पाहावी, जी जून २०२१ पासून सक्तीची आहे. चांगले हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि कोपर-खांद्याला गादी असलेले जाकीट यांचा खर्च गाडीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर मांडावा आणि उरलेल्या पैशात गाडी बसवावी. दीडशे आणि साडेतीनशे सीसी यांच्या किमतींतला फरक हे सगळे भागवून वर उरतो.

राहता राहिली मागची बैठक. ज्या गाडीवर तिशीतली पत्नी एका बाजूस पाय सोडून बसत असे, ती गाडी आणि ते वय दोन्ही गेले. आजच्या कित्येक गाड्यांची मागची गादी वीतभर आणि तीही उंचावर असते. नियमाप्रमाणे मागे बसणाराला धरण्यासाठी कडी, पाय ठेवायला जागा आणि साडी किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून जाळी असावीच लागते. शोभा बिघडते म्हणून ती काढून ठेवणारे महाभाग आहेत. गाडी चालवून पाहण्याच्या दिवशी दुकानात जोडीने जावे, मागे बसवून एक फेरी मारावी आणि पसंतीचे शेवटचे मत तिचे घ्यावे. दोघे बसले असता वजन किती वाढते आणि ब्रेक किती आधी लावावा लागतो, हे त्या एका फेरीत जितके कळते तितके माहितीपत्रकात कोठेही छापलेले नसते.