लांडगा बघायला जा, पण माळाचा मुठा घाट करू नका

मंडळी, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुठा घाटात काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. टेमघर, लवासाच्या रस्त्याला गाड्यांची रांग, मोठ्यानं गाणी, कडेला बाटल्या. माणसं घरी जातात, कचरा आपल्याकडं राहतो.

आता फाल्गुन-चैत्रात हीच हौस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला निघालीय. पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूरच्या माळावर लांडगा बघायला. दिवसही बघायचेच. गवत वाळून बसलेलं, लांबचं स्वच्छ दिसतं. हिवाळ्यात जन्मलेली पिल्लं आता कळपाबरोबर हिंडायला लागलेली असतात. पहाटे लांडगा नाही दिसला तरी चिंकारा, खोकड, ससा दिसतो. नशीब असेल तर तरससुद्धा.

जायला माझा विरोध अजिबात नाही. उलट माणसांनी माळ बघायलाच पाहिजे. सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. पडीक म्हटलं की कुणी प्लॉट पाडतं, कुणी खड्डे खणून झाडं लावतं आणि वर फोटो काढतं. माळाला झाडं नकोत, गवतच पाहिजे, हे तिथं गेल्याशिवाय पटत नाही. वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण लांडग्याला कायद्यानं आहे. पण तो राहतो ती बरीचशी जागा ना अभयारण्यात ना राखीव जंगलात.

प्रश्न आहे तो कसं बघायचं याचा. वनखात्यानं 2024 मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. नोंदणी करा, वाटाड्या घ्या, ठरलेल्या वाटेनं फिरा. हे चांगलंच झालं. त्रास होतो तो यातलं काहीच न करणाऱ्यांचा. गाडी गवतात घालायची, लांडगा पळाला की मागं लागायचं, वर ड्रोन उडवायचा आणि संध्याकाळी फोटोखाली लोकेशन टाकायचं. पुढच्या रविवारी तिथं वीस गाड्या!

आणि उरलेलं खाणं टाकायचं. तुम्ही म्हणाल, त्यानं काय होतंय? खाण्यामागं भटकी कुत्री येतात. कुत्र्यांबरोबर रोग येतात, लांडग्याशी संकरही होतो. तो पुणे परिसरात झाल्याची नोंद आहे. बंदूक न उचलता लांडगा संपवायचा हा सोपा रस्ता आहे.

अजून एक. लांडगा आजवर टिकला तो धनगरांच्या शेजारात. मेंढरू गेलं तर नुकसान त्यांचं. भरपाई नियमात आहे, पण पंचनाम्यासाठी कळप सोडून हेलपाटे कोण घालणार? सफारीच्या पैशातला ठरलेला वाटा मेंढपाळांना मिळाला पाहिजे आणि वाटाडे त्यांच्याच घरातली पोरं पाहिजेत. ज्याचं मेंढरू जातं त्याला लांडगा जिवंत असण्याचा फायदा दिसला पाहिजे.

आपल्या घाटात नियम आले ते गर्दी हाताबाहेर गेल्यावर. माळावर ते आधीच येऊ शकतात: दिवसाला गाड्या मोजून, गुहेच्या आसपास पूर्ण बंदी, लोकेशन टाकणाऱ्याला दंड.

तोवर आपण एवढं तरी करू. गेलात तर वाट सोडू नका, डबा परत आणा, फोटो टाका पण जागा सांगू नका. पटलं तर गाडी काढायच्या तयारीत असलेल्या मित्राला पाठवा.