सचिव, ‘सेक्वोर’ आणि भाषांची भावकी

१/ दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये १९६० च्या दशकातील सुधारणांपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. तीत ‘मिसेरेरे’ हे क्रियापद पुनःपुन्हा येई. अर्थ ‘दया कर’. रूप मात्र कर्मणी. मित्रहो, हे कोडे उलगडले, तर इतिहासातील एक लाडका गैरसमजही दूर होतो.

२/ रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी, अशा लॅटिन क्रियापदांना ‘डिपोनंट’ म्हणतात. ‘देपोनेरे’ म्हणजे खाली ठेवणे. यांनी आपला कर्मणी अर्थ टाकून दिला, अशी जुन्या वैयाकरणांची समजूत. माझ्या मते हे नाव दिशाभूल करते. यांनी काही टाकले नाही. एक फार जुनी ठेव जपली.

३/ उदाहरणार्थ ‘सेक्वोर’, म्हणजे मी अनुसरतो.
एकवचन: सेक्वोर, सेक्वेरिस, सेक्वितुर.
अनेकवचन: सेक्विमुर, सेक्विमिनी, सेक्वुंतुर.
‘मी अनुसरलो’ म्हणजे ‘सेकूतुस सुम’. आज्ञार्थ ‘सेक्वेरे’.

४/ आता संस्कृत ‘सच्’ पाहा: सोबत असणे, अनुसरणे.
एकवचन: सचे, सचसे, सचते.
अनेकवचन: सचामहे, सचध्वे, सचन्ते.
आज्ञार्थ ‘सचस्व’, तो ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात आहे. सेक्वितुर आणि सचते ही सख्खी भावंडे होत.

५/ शाळेत आपण लभते, सेवते, म्रियते पाठ केले. त्यांना कोणी कर्मणी म्हणत नाही, ती आत्मनेपदे. ‘मरतो’ या अर्थाचे लॅटिन ‘मोरितुर’ही ‘म्रियते’सारखेच. ज्याला आत्मनेपद कळले, त्याला डिपोनंट निम्मे कळलेच.

६/ याच ‘सच्’पासून ‘सचिव’: सोबत राहणारा, साहाय्यक. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ‘सुरनीस’ या फारसी वळणाच्या पदाला हेच संस्कृत नाव मिळाले. अण्णाजी दत्तो सचिव झाले. आजचे मंत्रालयही पूर्वी ‘सचिवालय’ होते.

७/ इकडे ‘सेक्वोर’च्या कुळात एक्झिक्युटिव्ह, फोर्टातल्या न्यायालयांतले प्रॉसिक्युशन आणि आपल्या लोकलच्या सेकंड क्लासातले ‘सेकंड’ही येते. सचिव आणि एक्झिक्युटिव्ह हे शब्द एकाच कार्यालयात नांदतात, नाते न ओळखता.

८/ येथेच ‘म्हणजे लॅटिन संस्कृतातून निघाली’ असा निष्कर्ष फिरू लागतो. तो चुकीचा आहे. सेक्वितुरच्या अखेरचा ‘र’ सचतेमध्ये नाही. पण प्राचीन हित्ती भाषेच्या अशाच रूपांत आहे. जे सचतेपाशी नाही, ते लॅटिनने तिच्याकडून घेतले कसे?

९/ दुसरा पुरावा उच्चाराचा. सेक्वोरमधला ‘क’ जुना. सच्‌मधला ‘च’ नंतरचा. संस्कृतातच ‘वच्’चे ‘उक्त’ होते, तेथे जुना ‘क’ डोकावतो. येथे लॅटिनने जपले, तेथे संस्कृतने. दोघी बहिणी, आई वेगळी, आणि ती आज कोणत्याही ग्रंथात लिहिलेली सापडत नाही.

१०/ हे ज्ञान मुंबईला परके नाही. १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतपासून देशी भाषांपर्यंतचा प्रवास उच्चारनियमांच्या आधारे मांडला. संस्कृतवर त्यांचे प्रेम अपार होते. म्हणूनच त्यांनी तिला नियमांतून सूट दिली नाही.

११/ माझे म्हणणे एवढेच: आत्मनेपद गुणांसाठी घोकून विसरू नका. गिरगावातल्या, परळमधल्या शाळेत पाठ केलेला तो तक्ता इतिहासाचे अस्सल साधन आहे. ‘सर्व भाषांची जननी’ असा संदेश पुन्हा आला, तर वाद घालू नका. नम्रपणे एकच विचारा: सेक्वितुरमधला ‘र’ आला कोठून?